बंदुकीचा पट्टा : एक कडी की दोन?

युद्धांचा इतिहास लिहिणारे तोफांवर ग्रंथ लिहितात, तलवारींच्या पोलादाची चर्चा करतात, पण बंदूक ज्याच्या आधाराने शिपायाच्या अंगावर राहते त्या चामड्याच्या पट्ट्याला एखादी तळटीपही क्वचितच मिळते. आम्हांस हे थोडे अन्यायाचे वाटते. शिपायाच्या आयुष्यात गोळी झाडण्याचे क्षण मोजकेच येतात. बंदूक वागवण्याचे तास मात्र मोजता येत नाहीत. दहा पौंडांचे ते ओझे अंगावर कोठे टांगावे, किती ठिकाणी बांधावे आणि हात मोकळे हवे असतील तेव्हा त्याचे काय करावे, या प्रश्नांची उत्तरे चुकली म्हणजे माणसे मरतात. म्हणून हा विषय घेतला आहे.

पट्ट्याच्या जाती दोनच. एकीत बंदुकीला दोन कड्या असतात, एक नळीच्या बाजूस व एक दस्त्याच्या किंवा चापाच्या बाजूस, आणि पट्टा दोहोंमध्ये ताणलेला असतो. दुसरीत कडी एकच. पट्टा माणसाच्या गळ्यातून तिरपा जातो आणि बंदूक त्याला एका जागी लोंबकळते. तिसरीही एक जात अलीकडे निघाली होती. तिच्या गुंतावळ्यात शिपायाचेच हात अडकू लागले, तेव्हा तिच्याविषयी अधिक न लिहिणेच बरे.

या दोहोंतली जुनी कोणती? सहज वाटते की एका कडीचा पट्टा हा आजकालच्या कमांडोंचा शोध असावा. वस्तुस्थिती तशी नाही. जॉन क्रूसो या इंग्रज लेखकाचे घोडदळाच्या शिक्षणावरचे पुस्तक १६३२ साली केंब्रिज येथे छापले गेले. त्यात स्वाराची बंदूक पट्ट्याला फिरत्या आकड्याने टांगलेली असावी, असे सांगितले आहे. म्हणजे पायदळाच्या बंदुकीस पट्टा सर्रास मिळण्यापूर्वीच घोडेस्वाराला एका कडीचा पट्टा मिळाला होता. कारण उघड आहे. स्वाराचा एक हात लगामात गुंतलेला, दुसऱ्यात कधी तलवार तर कधी पिस्तूल. बंदुकीचा बार काढला की ती तशीच सोडून द्यावी, ती खाली न पडता अंगाशी लोंबत राहावी आणि हात लगेच तलवारीकडे जावा, एवढीच त्याची मागणी होती. पुढे या आखूड बंदुकीच्या डाव्या अंगाला लोखंडाची एक दांडी बसवू लागले व त्या दांडीवर सरकणारी कडी ठेवू लागले. कडी सरकती असल्यामुळे आकडा न सोडताच बंदूक खांद्याला लावता येई. युरोपात तिला कार्बाइन म्हणत; तेच नाव आपल्याकडे येता येता ‘कडाबीन’ झाले.

घोड्यावर बसून सुटी वस्तू हाताळणे किती कठीण, याचा एक पुरावा इंग्रजांच्या पॅजेट कार्बाइनमध्ये दिसतो. नेपोलियनच्या युद्धांच्या काळातील ही बंदूक. नळी अवघी सोळा इंच. तिचा बार ठासण्याचा गजसुद्धा बिजागरीने नळीलाच जखडलेला होता. गज हातातून निसटला म्हणजे स्वाराची बंदूक ही नुसती काठी. आणि उतरून गज शोधण्याइतकी सवड शत्रू देत नाही. एका कडीचा पट्टा आणि हा जखडलेला गज ही एकाच विचाराची दोन अपत्ये होत.

पायदळाचे गणित निराळे होते. तोड्याच्या बंदुकीचा शिपाई ती खांद्यावर घेऊन चाले. बरोबर ती टेकवण्यासाठी दुबेळक्याची काठीही असे. पट्ट्याची गरज त्याला फारशी नव्हती, कारण त्याचे दोन्ही हात बंदुकीच्याच चाकरीत होते. ही गरज पायदळात प्रथम ठळकपणे भासली ती हातगोळे फेकणाऱ्या ग्रेनेडियरांस. १६७८ च्या सुमारास इंग्लंडच्या सैन्यात त्यांच्या तुकड्या दिसू लागल्या. एका हातात गोळा, दुसऱ्यात पेटता तोडा, मग बंदूक कोठे ठेवावी? ती पाठीवर टाकावयाची. आणि पाठीवर स्थिर राहावयाची तर एका कडीने भागत नाही, दोन हव्यात. त्यांची उंच निमुळती टोपी याच कारणाने निघाली असे सांगतात. रुंद काठाची हॅट असली की पट्टा डोक्यावरून नेताना अडके. टोप्यांच्या इतिहासात सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टी मागाहून रचलेल्या असतात, पण ही पटण्यासारखी आहे.

तेव्हापासून दोन कड्या पायदळाच्या व एक कडी घोडदळाची, अशी वाटणी दीडदोनशे वर्षे चालली. ‘ब्राउन बेस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी बंदुकीची एक कडी चापाच्या संरक्षक पट्टीपुढे व दुसरी नळीखालच्या लाकडात होती. याच बंदुका कंपनीच्या पलटणींबरोबर दख्खनभर फिरल्या.

वाटणी मोडली ती का, हा या इतिहासातला खरा मनोरंजक भाग. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या स्वाराच्या डाव्या खांद्यावरून अडीच इंच रुंदीचा चामडी पट्टा जाई व उजव्या कुशीशी आकड्याला कार्बाइन टांगलेली असे. दौडताना ती हेलकावे खाऊन मांडीवर आपटू नये म्हणून खोगिराला चामड्याची एक आखूड नळी बांधलेली असे व तिच्यात बंदुकीचे तोंड खोचत. आता पाहा : माणूस बंदुकीला बांधलेला, बंदूक खोगिरात खोचलेली, आणि खोगीर घोड्यावर. घोडा अडखळून स्वार खाली आला आणि बंदुकीचे तोंड त्या नळीतून सुटले नाही, तर माणूस फरफटत जाणार. एका कडीच्या पट्ट्याचा जो मोठा गुण, म्हणजे बंदूक माणसापासून सुटत नाही, तोच येथे जिवावर बेतणारा दोष झाला.

उपाय म्हणून बंदूक माणसाच्या अंगावरून काढून घोड्याच्या अंगावर द्यावी, खोगिराला लांब चामडी म्यान बांधून तिच्यात ती ठेवावी, असे ठरत गेले. पण त्यातही खोट होती. घोडा मेला तर म्यानातून बंदूक काढून घेता येते; घोडा उधळला तर ती घोड्याबरोबर जाते आणि स्वार रानात निःशस्त्र उभा राहतो. आमच्या मते या पेचाला निर्दोष उत्तर नाहीच. स्वार बंदुकीला बांधावा तर एक भय, न बांधावा तर दुसरे. प्रत्येक सैन्याने आपल्याला सोसेल ते भय निवडले.

१८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धाने वादाचे रूपच पालटले. बोअर हे घोड्यावरून येत आणि पायी लढत. त्यांच्याजवळ आखूड कार्बाइन नव्हे, तर पायदळी पल्ल्याची लांब मॉसर रायफल असे. इंग्रज घोडदळाची कार्बाइन त्यांच्यापुढे लांडी पडली. युद्ध संपताच इंग्रजांनी घोडदळ व पायदळ या दोघांस मिळून एकच रायफल केली : आखूड ली-एनफील्ड, नळी २५.२ इंच. अमेरिकेनेही १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत २४ इंच नळी घेऊन हाच मार्ग धरला. बंदूक एक झाली तसा पट्टाही एक झाला, आणि तो दोन कड्यांचा. जर्मनांनी आणखी एक सोय पाहिली. घोडेस्वार व सायकलस्वार यांच्यासाठी केलेल्या आखूड रायफलीचा पट्टा त्यांनी खाली न लावता डाव्या अंगाला लावला, म्हणजे बंदूक पाठीवर सपाट बसते व तिच्या बोल्टची मूठ बरगडीत रुतत नाही. १९३५ च्या मॉसरमध्ये ही पद्धत साऱ्या सैन्याला लागू झाली.

दोन कड्यांच्या पट्ट्याचा तिसरा उपयोग अमेरिकनांनी शास्त्र म्हणून वाढवला. त्यांचा १९०७ चा चामडी पट्टा दोन तुकड्यांचा, भोकांच्या रांगा पाडलेला आहे. त्याचा एक फास डाव्या दंडात अडकवून पट्टा ताठ केला की हात, खांदा व बंदूक यांचा एक त्रिकोण होतो आणि नेम डळमळत नाही. नेमबाजीच्या स्पर्धांत हा पट्टा आजही दिसतो. फार ताणला तर नळीवर ओढ बसून गोळी ढळते, म्हणून ताण रोज सारखा ठेवावा लागतो. एका कडीच्या पट्ट्याने हे मुळीच साधत नाही. त्याला ताणावयास दुसरे टोकच नसते.

पट्ट्याचे काम चोरापासून रक्षण करणे हेही आहे, हा धडा हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीने दिला. तेथे चांगल्या रायफलीला जमिनीच्या तुकड्याइतके मोल होते आणि रात्री छावणीत शिरून ती पळवणारे पठाण आपल्या कसबात निष्णात होते. पहारेकऱ्याची रायफल तेथे साखळीने त्याच्या कंबरेला बांधत. अलीकडे काश्मीरमध्येही बंदुका हिसकावून नेण्याचे प्रकार घडल्यावर पोलिसांच्या रायफलीला अशाच साखळ्या आल्या. ही साखळी म्हणजे, थोडक्यात, एका कडीचा पट्टाच.

घोडा गेला तेव्हा एक कडीही गेली असे वाटले होते. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस ती परत आली, आणि आमच्या मते ती आली घोडा दुसऱ्या रूपाने परत आला म्हणून. चिलखती मोटारीत व हेलिकॉप्टरमध्ये बसणारा शिपाई हा पुन्हा स्वारच आहे. त्याला अडचणीच्या जागेतून चटकन उतरावयाचे असते, दाराच्या कधी डाव्या तर कधी उजव्या अंगाने बंदूक रोखावयाची असते. एका कडीचा पट्टा खांदा बदलू देतो; दोन कड्यांचा अशा वेळी गळ्याशी आवळतो. इराक व अफगाणिस्तानात एम-४ कार्बाइन वागवणाऱ्या अनेक अमेरिकन सैनिकांनी तो यासाठीच पत्करला. मात्र मोटारीतून उतरून डोंगर चढू लागले की जुना दोष उघडा पडतो. हात सोडताच बंदूक पायांमध्ये लोंबते, गुडघ्यांवर आपटते; शिडी चढताना, जखमीला उचलताना किंवा कैद्याला बेड्या घालताना ती आडवीच येते. सारे ओझे मानेवर पडते ते वेगळेच. दिवसभर पायपीट करणाऱ्यासाठी निवड करावयाची झाली तर आम्ही निःशंकपणे दोन कड्यांच्या बाजूचे आहोत. विशेषतः ज्या नव्या पट्ट्यांची लांबी एका ओढीने कमीजास्त होते, त्यांनी आवळण्याची तक्रारही पुष्कळशी दूर केली आहे.

तरीही वाद मिटलेला नाही, म्हणून कारखानदारांनी दोन्हींची सोय असलेले पट्टे काढले आहेत. पुढचे टोक नळीकडून सोडवून मागच्याच कडीत अडकवले की दोन कड्यांचा पट्टा एका कडीचा होतो. अडकवण्याचा आकडा स्प्रिंगचा असतो, अंगठ्याने दाबला की उघडतो. १८६१ च्या अमेरिकन स्वाराच्या कुशीवरचा आकडाही स्प्रिंगचाच होता. तो लोखंडाचा असे, आणि कडीवर घासून त्याचा खुळखुळाट होई एवढेच.