क्राऊन-पिनियनचा सूर

अमेरिकेत जुना पिकअप घेतला असेल, तर हा प्रसंग तुमच्याही वाट्याला आला असेल. गाडी पंचेचाळीस मैलांच्या वेगाला आली की मागून, कुठूनतरी खालून, बारीक एकसुरी कण्हणे सुरू होते. पहिले चार दिवस आपण रेडिओ मोठा करतो. पाचव्या दिवशी बायको विचारते, "हा आवाज कसला?" मग दुर्लक्ष करणे संपते.

माझ्या वीसेक वर्षांच्या पिकअपचा आवाज ऐकून एका गॅरेजने दहा मिनिटांत निकाल दिला: ट्रान्समिशन गेले, नवीन बसवा. सांगितलेली रक्कम गाडीच्या किमतीच्या जवळपास होती. घरी येऊन मी त्या आवाजाचा शोध घेऊ लागलो आणि थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पोहोचलो. तो इतिहास तुम्हाला सांगतो, कारण निदानाची किल्ली त्यातच आहे.

गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. एकाच दांड्याला दोन्ही चाके पक्की जोडली, तर वळणावर एक चाक फरफटणार. यावर डिफरन्शिअलचा तोडगा १८२० च्या दशकाच्या अखेरीस ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने काढला, तोही वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी. पुढे मोटारगाडी आली आणि इंजिनाकडून येणारी फिरकी काटकोनात वळवून चाकांना देणे भाग पडले. त्यासाठी शंकूच्या आकाराचे गिअर हवेत, आणि तसे दाते अचूक कापणे हे भलतेच अवघड काम.

ते सोपे केले न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी, विल्यम ग्लीसन यांनी. आयर्लंडहून आलेल्या या कारागिराने १८७४ मध्ये असे दाते रंधणारे यंत्र बनवले. त्यांची मुलगी केट लहानपणापासून कारखान्यात काम करू लागली, १८८४ मध्ये कॉर्नेलमध्ये अभियांत्रिकी शिकायला गेली आणि पुढे युरोपभर फिरून ती यंत्रे विकू लागली. यंत्राचा शोध तिचाच असे लोक समजत, तेव्हा तो वडिलांचा आहे असे ती सांगे. १९१४ मध्ये ती अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची पहिली पूर्ण सदस्य स्त्री झाली.

सुरुवातीचे दाते सरळ होते. फोर्डच्या मॉडेल टीच्या मागच्या ॲक्सलमध्ये असेच दाते असत. सरळ दाता समोरच्या दात्यावर पूर्ण रुंदीने एकदम आदळतो, म्हणून असे गिअर गात राहतात. (मॅन्युअल गाडी रिव्हर्समध्ये कण्हते त्यामागेही बहुधा सरळ दातेच असतात.) १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टीला मागे कारखान्यातच हौदा बसवून २८१ डॉलरला विकायला काढला. शेतकऱ्याला त्या आवाजाची फिकीर नव्हती. शहरी ग्राहकाला होती. १९१३ च्या सुमारास पॅकार्डच्या गाड्यांत वक्र दाते आले. वक्र दाता हळूहळू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे भिडतो. मग १९२६ मध्ये पॅकार्डनेच ग्लीसनचा हायपॉइड गिअर वापरला. यात पिनियन हा लहान गिअर क्राऊन या मोठ्या चक्राच्या मध्यरेषेच्या खाली बसतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली गेला, गाडीची बैठक खाली आली आणि आवाजही कमी झाला.

पण याची किंमत मोजावी लागली. हायपॉइडचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. साधे तेल तिथे पुसले जाते. म्हणून गंधकयुक्त रसायने घातलेले खास गिअर ऑइल आले. डिफरन्शिअलचे झाकण उघडताच नाकात जाणारा तो उग्र वास त्याचाच. तेल कमी झाले, की हायपॉइड आधी कण्हतो, मग ओरडतो.

आता तुमच्या पिकअपकडे वळू. पहिली परीक्षा उभ्या गाडीची. गिअर पार्कमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर दाबा. इथेच आवाज आला, तर ॲक्सल निर्दोष. अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप किंवा पाण्याचा पंप तपासा.

दुसरी परीक्षा मोकळ्या रस्त्यावरची. वेग तोच ठेवून एकदा वरच्या, एकदा खालच्या गिअरमध्ये चालवा. इंजिनाचे फेरे बदलतील. आवाजाचा सूर बदलला नाही, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे, म्हणजे शाफ्ट, ॲक्सल, चाके किंवा टायर यांत. माझा सूर बदलला नाही. गॅरेजचा निकाल इथेच डळमळला.

तिसरी: रस्ता डांबरीवरून काँक्रीटवर गेला की आवाज बदलतो? मग टायर. हलक्या डाव्या-उजव्या वळणावर वाढतो-कमी होतो? मग चाकाचे बेअरिंग.

चौथी सर्वांत बोलकी. ॲक्सिलरेटर दाबताना, एका वेगावर नुसते तोलून धरताना आणि पूर्ण सोडल्यावर, तिन्ही वेळा ऐका. दाबताना दात्याची एक बाजू काम करते, सोडताना दुसरी. कण्हणे एकाच स्थितीत येत असेल, तर संशय क्राऊन-पिनियनवर. तिन्ही स्थितींत जाडसर घरघर असेल, तर बहुधा बेअरिंग.

सुराचा हिशेबही करता येतो. ३.७३ प्रमाणाच्या ॲक्सलमध्ये सहसा क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दाते. ताशी ६० मैलांना तीस इंची टायर सेकंदाला सुमारे ११ फेरे घेतो. ४१ ने गुणले की सुमारे ४६० कंपने, म्हणजे हार्मोनियमवर काळी पाचच्या आसपास. मी घरची पेटी काढली, फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज लावला आणि पट्टी जुळली.

मग झाकण उघडले. (आधी तेल भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच जुने तेल काढा. तो अडकला, तर गाडी बिनतेलाची बसून राहील.) पिनियनचे सील झिरपत होते, तेल निम्मे होते, तळाच्या चुंबकावर चांदीसारखा चुरा होता. पिनियनचे बेअरिंग खडबडीत झाले होते. ते सैल झाले की पिनियन केसभर सरकतो, दाते चुकीच्या जागी भिडतात आणि गाऊ लागतात. असे चालवत राहिलो असतो, तर एखाद्या दिवशी ॲक्सल हायवेवर जाम झाला असता.

दुसऱ्या मेकॅनिककडून बेअरिंग, सील आणि तेल बदलून घेतले. खर्च पहिल्या रकमेच्या एका छोट्या हिश्शात भागला. घरघर गेली, पण थोडे कण्हणे राहिले. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार करतात आणि जोडीनेच झिजतात. ४१ आणि ११ यांना सामाईक भाजक नाही, म्हणून प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला भेटत राहतो. एकदा झिजेची वळणे पडली, की जोडी बदलल्याशिवाय ती जात नाहीत. मी बदलली नाही. पिकअप आठवड्यातून दोनदा चालतो आणि तेल दर काही महिन्यांनी तपासतो.

तुम्ही गॅरेजमध्ये जाल तेव्हा "आवाज येतो" एवढेच सांगू नका. किती वेगाला येतो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर, गिअर बदलल्यावर सूर हलतो का, हे कागदावर लिहून न्या. तो कागद वाचून जो मेकॅनिक पुढचा प्रश्न विचारेल, गाडी त्याच्याकडे ठेवा.