विमानाची भूमी कोठे असते?

बोथच्या काळ्या रानात विहिरीवर मोटार बसवावयाची तर जमिनीत खड्डा घेतात, कोळसा आणि मीठ घालून त्यात अर्थिंगची तार पुरतात, आणि उन्हाळ्यात तिच्यावर बादलीभर पाणीही ओततात. आता, श्रोतेहो, जे यंत्र जमीन सोडून हजारो फूट वर जाते, त्याने आपले अर्थिंग कोठे पुरावे?

हा प्रश्न विमानातील बिनतारी यंत्राइतकाच जुना आहे. २७ ऑगस्ट १९१० रोजी न्यूयॉर्कजवळ जेम्स मॅककर्डी यांनी उडत्या विमानातून संदेश धाडला. पहिल्या महायुद्धात तर लाकूडकापडाच्या विमानातून एक लांब तार खाली लोंबती सोडीत, आणि एंजिन, ताणाच्या तारा असे जे जे धातूचे ते एकमेकांस जोडून त्यालाच भूमी मानीत. भूमी बरोबर घेऊनच उडावयाचे! १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. एवढ्यापुरते ते सुखी.

घरी विमान बांधणाऱ्यांच्या वाट्याला मात्र हे सुख नाही. अशा हौशी कारागिरांची संघटना पॉल पोबरेझ्नी यांनी अमेरिकेत १९५३ साली स्थापिली. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि २०२० साली धुळ्यास ते उडाले. पंख आणि एंजिन लोकांच्या डोळ्यांत भरतात. तारांकडे कोण पाहतो?

धातूच्या विमानात सांगाडाच विजेची परतीची वाट होतो. १९७५ साली उडालेल्या बर्ट रुटान यांच्या व्हॅरिईझसारख्या काचतंतूंच्या विमानात ती सोय नाही. तेथे प्रत्येक उपकरणाला परतीची तार ओढावी लागते. तथापि खरा घोटाळा सोयीतूनच होतो. जवळ दिसेल त्या पत्र्याला तार जोडली, की दिव्यांचा नि जनित्राचा प्रवाह रेडिओच्याच वाटेने परततो. सैल सांध्याचा रोध ०.०५ ओहम असला आणि त्यातून २० अँपिअर गेले, तर तेथे १ व्होल्टचा फरक पडतो. वैमानिकाच्या कानात एंजिनाबरोबर चढणारी शीळ घुमू लागते, आणि उतरण्याच्या वेळचा मनोऱ्यावरचा शब्द तिच्यात बुडून जातो. दिवे लावताच तेलाच्या उष्णतेचा काटाही हलावा, हा त्याच रोगाचा दुसरा चाळा.

म्हणून बॉब नकोल्स यांच्यासारखे जाणकार सांगत आले, की उपकरणांच्या परतीच्या तारा एकाच ठिकाणी आणाव्यात, ध्वनीच्या तारेचे जाळीदार आवरण एकाच टोकाला बांधावे आणि कर्णयंत्राची खोबणी पत्र्यापासून अलग ठेवावी.

एंजिनाची गोष्ट आणखी निराळी. ते रबरी गाद्यांवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते अधांतरीच. त्याला विमानाशी जोडणारा जाड विणीचा पट्टा विसरला वा सैल राहिला, तर एंजिन चालू करताना लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने परततो. आणि ती वाट पुष्कळदा वैमानिकाच्या हातातील इंधननियंत्रणाच्या पोलादी दोरीची असते. ती तापते, जळते, कधी जागीच चिकटून बसते.