पाटी, पोथी आणि टॅब

‘टॅबलेट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘टाब्युला’ म्हणजे फळी या शब्दापासून निघाला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना ‘छोटी फळी’ झाला. ‘टेबल’ त्याच घराण्यातले. औषधाची चपटी गोळीही त्याच नात्याने टॅबलेट झाली; मराठी घरांत मात्र टॅबलेट म्हटले की गोळी आणि टॅब म्हटले की यंत्र, अशी सोयीची वाटणी आपोआप होऊन गेली आहे. ‘डेस्कटॉप’ म्हणजे मेजाचा वरचा भाग. टॅबवर डेस्कटॉपची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम चालावी की नाही, हा वाद शब्दार्थाने पाहिला तर मेजावरचा सगळा पसारा एका छोट्या फळीवर मांडावा का, इतकाच उरतो.

फळी मराठी मुलखाला जुनीच. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरत आणि तीत काडीने अक्षरे काढत. हात फिरवला की पाटी कोरी. ही धूळपाटी, आणि तिच्यावर गिरवली जात ती धुळाक्षरे. दगडी पाटी आणि पेन्सिल नंतर आली, पण गुण तोच राहिला. लिहा, पुसा, पुन्हा लिहा. जे टिकवायचे ते पाटीवर नाही, पोथीत लिहिले जाई. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला सबंध समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या विषयाला दिला. अक्षराचे वळण, ओळींमधले अंतर, कागद, शाई, लेखणी असा सगळा सरंजाम त्यात येतो. पाटी शिकण्यासाठी, पोथी करण्यासाठी, आणि पोथीला हत्यारे जास्त लागतात. टॅबच्या कुळात हे दोन्ही वंश मिसळलेले आहेत. आजचा वादही त्यांच्यातलाच.

यंत्राची वंशावळ १९६४ पासून सांगता येते. त्या वर्षी अमेरिकेतल्या रँड या संस्थेने एक विजेची पाटी तयार केली. तिच्यावर लेखणीने लिहिलेले मोठ्या संगणकाला कळत असे. पाटीला स्वतःची बुद्धी नव्हती. ती १९७२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी कागदावर दिली. त्यांचा ‘डायनाबुक’ हा वहीच्या आकाराचा संगणक लहान मुलांसाठी कल्पिलेला होता, पण त्यावर मुलांनी नुसते वाचावे असे के यांना अभिप्रेत नव्हते. मुलांनी त्यावर स्वतः प्रोग्रॅम लिहायचे होते. म्हणजे टॅबच्या आजोबाला पोथीच हवी होती. डायनाबुक प्रत्यक्षात बनला नाही.

बाजारात आलेल्या पहिल्या टॅबांवर डेस्कटॉपचीच प्रणाली होती, ही गोष्ट आज बहुतेकांच्या लक्षात नाही. १९८९ चा ग्रिडपॅड मेजावरच्या संगणकासारखाच एमएस-डॉसवर चाले. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने लेखणीसाठी विंडोजची जोड काढली आणि २००२ च्या नोव्हेंबरमध्ये विंडोज एक्सपीची टॅबलेट आवृत्ती आली. ती संपूर्ण विंडोज होती. यंत्रे जड होती, महाग होती, बॅटरी पुरत नसे. बोटाने चालवायचे म्हटले तर त्याहून मोठी अडचण पडद्यावर होती: विंडोजमधली बटणे माउसच्या बाणाच्या टोकासाठी आखलेली, आणि बोटाचे टोक त्या बाणाहून कितीतरी रुंद. माउस नुसता वर नेऊन थांबवला की सूचना दिसते, उजवे बटण दाबले की वेगळी यादी उघडते. बोटाला ना थांबता येते, ना उजवे-डावे असते. डॉक्टर, विमा सर्वेक्षक, गोदामातले लोक अशा थोड्या धंद्यांपलीकडे ही जात पसरली नाही.

२०१० च्या जानेवारीत अ‍ॅपलने आयपॅड दाखवला तो दुसऱ्या वंशातून आला, फोनच्या. त्याची प्रणाली आयफोनचीच होती. बोटासाठी आखलेली, लगेच जागी होणारी, दिवसभर चालणारी. या सुखाची किंमत आतल्या रचनेत होती. अशा प्रणालीत प्रत्येक अ‍ॅप आपापल्या चौकटीत कोंडलेले असते. दुसऱ्याच्या फायलींना त्याने हात लावायचा नाही, आणि अ‍ॅप आणायचे तर तेव्हा कंपनीच्या दुकानातूनच. या चौकटीला तंत्रज्ञ ‘सँडबॉक्स’ म्हणतात. योगायोग असा की मराठी विकिपीडियाने सरावाच्या पानासाठी याच शब्दाला ‘धूळपाटी’ हा प्रतिशब्द घेतला आहे. आयपॅड विक्रीला आला त्याच एप्रिलमध्ये अ‍ॅपलने आपल्या दुकानातून ‘स्क्रॅच’ या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेतले प्रकल्प चालवणारे अ‍ॅप काढून टाकले. तेव्हाची स्क्रॅच ‘स्क्वीक’वर बांधलेली होती, आणि स्क्वीक ही खुद्द अ‍ॅलन के यांच्या गटाची निर्मिती. नातवाने आजोबालाच उंबऱ्याबाहेर उभे केले.

महाराष्ट्रात पाटी की पोथी हा प्रश्न सरकारी योजनेतून आला. २२ जुलै २०१० रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या संगणकाचा नमुना दाखवला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्याचा ‘आकाश’ झाला. डेटाविंड कंपनीचा, ३६६ मेगाहर्ट्झ प्रोसेसरचा, २५६ एमबी रॅमचा, अँड्रॉइड २.२ वर चालणारा आणि जोर देऊन दाबावा लागणाऱ्या पडद्याचा हा टॅब टीकेचा धनी झाला, आणि ती टीका रास्त होती. सुरुवातीला प्रकल्प राजस्थानच्या आयआयटीकडे होता. २०१२ मध्ये तो पवईच्या आयआयटी मुंबईकडे आला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ प्रकाशित झाला. सात इंची पडदा, १ गिगाहर्ट्झचा ऑलविनर चिपसेट, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण, अँड्रॉइड ४. विद्यार्थ्याला किंमत १,१३० रुपये.

पवईत या टॅबचे काय करायचे हे ठरवणाऱ्यांत संगणकशास्त्राचे प्रा. दीपक फाटक आणि रासायनिक अभियांत्रिकीचे प्रा. कन्नन मौद्गल्य होते. मौद्गल्य यांच्याकडे मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसाराचे ‘फॉसी’ हे काम आधीपासून होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सी, सी++ आणि पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून चालवता आला पाहिजे, सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये गणिते सोडवता आली पाहिजेत, ही त्यांची किमान अपेक्षा. अँड्रॉइडच्या दुकानात याची धड सोय नव्हती. मग दोन वाटा काढल्या गेल्या, आणि टॅबवर डेस्कटॉप आणण्याच्या आजच्या बहुतेक युक्त्या या दोहोंचेच वंशज आहेत.

पहिली वाट पोटभाडेकरूची. ‘आकाश प्रोग्रॅमिंग लॅब’ या अ‍ॅपने अँड्रॉइडच्या आतच लिनक्स या मुक्त प्रणालीचे एक बिऱ्हाड थाटले. अँड्रॉइडचा गाभा मुळात लिनक्सचाच. त्यामुळे त्या गाभ्याला वेगळे मूळ फोल्डर दाखवून ‘हेच तुझे घर’ असे सांगितले की लिनक्सची साधने तिथे चालू लागतात. विद्यार्थी अ‍ॅप उघडी, प्रोग्रॅम लिही आणि चालवी. मागे काय चालले आहे ते त्याला दिसतही नसे.

दुसरी वाट थेट मालकीची. ऑलविनरच्या त्या चिपची एक सवय इथे कामी आली. चालू होताना ती आधी एसडी कार्डाच्या खाचेत डोकावते. तिथे सुरू होण्याजोगी प्रणाली सापडली तर तीच चालवते, नाहीतर आतल्या साठवणीकडे वळते. म्हणून नखाएवढ्या कार्डावर संपूर्ण जीएनयू-लिनक्स भरायचे, टॅब बंद करून कार्ड खाचेत सरकवायचे आणि पुन्हा चालू करायचा. पडद्यावर खिडक्या, मेनू, फायलींची कपाटे असलेला डेस्कटॉप उभा राहतो. कार्ड काढले की टॅब पुन्हा अँड्रॉइडचा. आतली मूळ प्रणाली पुसावी लागत नाही, हा या युक्तीतला सगळ्यात शहाणा भाग होता.

उणिवा उघड होत्या. ५१२ एमबीत डेस्कटॉप, ब्राउझर आणि सायलॅब एकत्र नांदवणे म्हणजे एका खोलीत तीन कुटुंबे. सात इंची पडद्यावर मेनूची अक्षरे मुंगीएवढी, आणि पडद्यावरचाच कीबोर्ड उघडला तर अर्धा प्रोग्रॅम झाकला जाई. बाहेरचा कीबोर्ड जोडावा तर टॅबचे हलकेपण संपे. तरीही विद्यार्थ्याला हजार-बाराशे रुपयांत मिळणाऱ्या यंत्रावर संपूर्ण संगणक चालतो हे पवईने दाखवून दिले, आणि हे लहान काम म्हणता येत नाही. मार्च २०१५ मध्ये प्रकल्प आवरता घेतला गेला. फॉसीच्या गटाने पुढे टॅबचा नाद सोडून लिनक्सवर चालणाऱ्या, दहा हजार रुपयांच्या आसपासच्या लॅपटॉपची कास धरली. हा निकालच मानायला हवा.

आकाश २ च्या पंधरा-सोळा दिवस आधी, २६ ऑक्टोबर २०१२ रोजी, मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी बाजारात आला होता. त्याचा चेहरा विंडोजचा होता, पण विंडोजचे जुने प्रोग्रॅम त्यावर चालत नसत. गिऱ्हाईक फसल्यासारखे झाले. पुढच्या जुलैत कंपनीला ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या सरफेस प्रोवर मात्र खरी विंडोज होती. तो वंश टिकला.

खऱ्या डेस्कटॉपशिवाय काय अडते, हे जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी छपाईच्या दुकानात गेले की कळते. लग्नपत्रिका, जाहिरात, शाळेची प्रश्नपत्रिका जुळवणारा डीटीपीवाला वर्षानुवर्षे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’वर आणि पेजमेकरवर काम करत आला आहे. ही सगळी साधने तो विंडोजवर चालवतो. त्यांतले जुने फाँट युनिकोडचे नसल्याने तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला तर ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. टॅबची चिप कितीही वेगवान असो, ही फाइल तिथे उघडत नाही. तीच गोष्ट टायपिंगची. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा, मराठी असो वा इंग्रजी, खऱ्या कीबोर्डावर बोटे बसवूनच द्यावी लागते.

ताकदीचा मुद्दा २०२१ मध्ये निकाली निघाला. त्या वर्षी अ‍ॅपलने आयपॅड प्रोमध्ये एम-१ ही चिप बसवली, जी काही महिन्यांपूर्वीच त्यांच्या लॅपटॉपांत आली होती. तीच चिप, तरी आयपॅडवर मॅकची प्रणाली नाहीच. म्हणजे अडथळा यंत्राचा नव्हता, धोरणाचा होता. प्रणाली खुली केली की दुकानावरची मक्तेदारी सैल होते आणि एकाच घरात दोन यंत्रे विकण्याची सोय जाते. ते कारण कंपन्या पुढे करत नाहीत. सुरक्षितता आणि बॅटरी पुढे करतात, आणि तीही कारणे खोटी नाहीत. सॅमसंगने २०१८ मध्ये आपल्या ‘डेक्स’ या डेस्कटॉपसारख्या सोयीवर लिनक्स चालवण्याचा प्रयोग केला आणि वर्षभरात गुंडाळला. अ‍ॅपलने २०२५ मध्ये आयपॅडला हव्या त्या आकाराच्या खिडक्या आणि वरची मेनूपट्टी दिली. डेस्कटॉपचे कपडे आले, चौकट राहिली. गूगलने त्याच वर्षी पिक्सेल फोनांवर डेबियन लिनक्सची खिडकी उघडली. रचना वेगळी आणि जास्त भक्कम, पण आकाशच्या पोटभाडेकरूचीच ती सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल.

ज्या घरात फोन, टॅब, लॅपटॉप सगळे आहे तिथे टॅब पाटीच राहिला तरी बिघडत नाही. जिथे घरात एकच पडदा येणार, आणि तोही बहुधा एखाद्या योजनेतून, तिथे त्याच पडद्यावर पोथीही करता आली पाहिजे. नागपूरची ‘महाज्योती’ ही सरकारी संस्था इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या, जेईई-नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब देते. व्याख्यान पाहायला आणि सराव परीक्षा सोडवायला तो पुरतो. तोच विद्यार्थी पुढे अभियांत्रिकीला गेला की पहिल्या सत्रातच त्याला प्रोग्रॅम लिहावा लागतो. कीबोर्ड जोडला की संपूर्ण प्रणाली आणि काढला की साधी, अशी दुहेरी सोय देणे आजच्या चिपांना जड नाही. ती मुभा मालकाला असावी.

सरकारी दप्तराने पाटी-पोथीची ही वाटणी आपल्यापुरती करून टाकली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी-अंबडचा मोसंबीवाला असो की भोकरदनचा कपाशीवाला, शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि नोंद पाठवतो. ती गाव नमुना बारात जाते. जमिनीच्या मालकीच्या फेरफाराची नोंद मात्र तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, लॅपटॉपला डिजिटल सहीचे डोंगल जोडून करतो. ती मंजूर झाली की गाव नमुना सातवर उमटते. एकाच सातबाऱ्यातला बारा मोबाइलवर भरला जातो आणि सात लॅपटॉपवर.