उसन्या गाण्यांचा हिशेब

बँड आधी जमतो, रेकॉर्ड मागाहून निघते, हा जगाचा शिरस्ता. मेटालिकाचं मात्र उलट झालं. लॉस एंजेलिसमध्ये ब्रायन स्लेगेल नावाचा तरुण होतकरू स्थानिक बँडांची गाणी एकत्र करून 'मेटल मॅसॅकर' ही रेकॉर्ड काढणार होता. त्याचा मित्र, ड्रम वाजवणारा डॅनिश पोरगा लार्स उलरिख, याने आपल्या बँडसाठी त्यात एक जागा मागून घेतली. बँड कुठला? तो अजून व्हायचाच होता! मग जेम्स हेटफिल्डला हाताशी धरून 'हिट द लाइट्स' ध्वनिमुद्रित झालं. १९८२ साली रेकॉर्ड निघाली तेव्हा वेष्टणावर बँडच्या नावात एक 'टी' जास्त पडला होता. पहिल्याच नोंदीत नाव चुकणं, हे काय फक्त आमच्या सरकारी दप्तरातच होतं असं नाही.

पण मला जास्त मोह पडतो तो त्यांच्या उसन्या गाण्यांचा. १९८१च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांचा लार्स थेट इंग्लंडला गेला आणि डायमंड हेड या आपल्या लाडक्या बँडच्या पोरांकडे जाऊन राहिला. परतल्यावर मेटालिकाच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांत डायमंड हेडची गाणी भरपूर असत. ती दुसऱ्याची आहेत हे मात्र श्रोत्यांना कोणी सांगत नसे. त्यांची समजूत काय व्हायची ती होई! आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश असे, तो सभ्यपणा या पोरांपाशी तेव्हा नव्हता.

तो पुढे आला. १९८४ साली 'क्रीपिंग डेथ'च्या मागल्या बाजूला 'अ‍ॅम आय ईव्हल?' आलं ते डायमंड हेडच्या श्रेयासह. १९८६ च्या सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून बेसवादक क्लिफ बर्टन गेला. नव्या जेसन न्यूस्टेडला घेऊन १९८७ साली त्यांनी जी पहिली रेकॉर्ड काढली ती सगळी दुसऱ्यांच्या गाण्यांची : डायमंड हेड, होलोकॉस्ट, किलिंग जोक, बजी, मिसफिट्स. दुःखातून उठताना माणूस जुन्या ओळखीच्या सुरांकडेच वळतो, असं मला वाटतं.

श्रेय छापलं की मानधनही पोचतं. डायमंड हेड स्वतः कधी फार मोठा बँड झाला नाही. पण या कव्हरांच्या रॉयल्टीचा आपल्याला मोठा आधार झाला, असं त्यांच्या ब्रायन टॅटलरने मोकळेपणाने सांगितलं आहे.

१९९० साली इलेक्ट्रा कंपनीच्या चाळिशीनिमित्त निघालेल्या 'रुबायत' या संग्रहासाठी मेटालिकाने क्वीनचं 'स्टोन कोल्ड क्रेझी' गायलं, त्याला ग्रॅमी मिळाली. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा. तो १९९१ च्या नोव्हेंबरात वारला. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर त्याच्या स्मृतिसोहळ्यात हेच गाणं हेटफिल्डने गायलं, साथीला खुद्द क्वीन!

आणि डिसेंबर २०११ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत मेटालिकाने आपली तिशी साजरी केली तेव्हा टॅटलर आणि गायक शॉन हॅरिस पाहुणे म्हणून मंचावर आले आणि आपलीच गाणी मेटालिकासोबत वाजवून गेले.