नुक्ता, ठिपका आणि तीनशेचा आकडा

मुखपृष्ठ असो, लग्नपत्रिका असो की संस्थेची स्मरणिका, छापखान्यातून एक सूचना हमखास येते: ‘फाइल ३०० डीपीआयची पाठवा.’ म्हणजे एका इंचात ३०० बिंदू. पण हा ३०० आला कुठून? मला या आकड्याचा इतिहास सांगावासा वाटतो, कारण आपल्या जुन्या पुस्तकांचे भवितव्य त्याच्याशी जोडलेले आहे.

छपाईच्या यंत्राला करडा रंग ठाऊक नसतो. काळी शाई कागदाला लागते किंवा लागत नाही, एवढेच. मग फोटोतल्या सावल्या छापायच्या कशा? इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी १८५२ मध्ये जाळीदार कापडातून प्रतिमा घेण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. १८८२ मध्ये म्युनिकच्या गेऑर्ग मायझेनबाख यांनी ही पद्धत व्यवहारात आणली. फोटो लहानमोठ्या ठिपक्यांत फोडायचा. ठिपके मोठे तिथे गडद, बारीक तिथे फिकट. डोळा ते आपोआप सांधून घेतो. हेच हाफटोन. कोलकात्यात सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी या तंत्राचा इतका खोल अभ्यास केला की, १८९७ पासून त्यांचे लेख इंग्लंडच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून येऊ लागले.

तीनशेचे गणित याच ठिपक्यांत आहे. चांगल्या कागदावरच्या मासिकात एका इंचात साधारण १५० ठिपक्यांची ओळ बसते. प्रत्येक ठिपक्यासाठी मूळ चित्रात दुप्पट माहिती असावी, हा जुना ठोकताळा. १५० ची दुप्पट ३००. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर ठिपके ८५ ते १००, म्हणून तिथे २०० सुद्धा पुरतात. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० ने भागला तर जेमतेम सव्वापाच इंच छापता येतो. संगणकात आकडा वाढवून नवी माहिती जन्माला येत नाही.

पण हे सगळे फोटोचे झाले. अक्षराचा हिशेब वेगळा असतो, आणि तो उर्दूने आधीच ओळखला होता. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर यांनी शिळाछापाचा शोध लावला. उर्दू-फारसीला तो जणू आपल्यासाठीच झाल्यासारखा वाटला. नस्तालीक लिपी सुट्या खिळ्यांत नीट बसत नव्हती. कातिबाने लिहिलेला मजकूर दगडावर उतरला की त्याची रेघ सलग छापली जाई. लखनऊला मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना काढला आणि त्यात कुरआनही छापले. मुंबईही फारसी शिळाछापाचे मोठे केंद्र होती.

पुढे आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैद भोगलेल्या मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कोलकात्यात ‘अल-हिलाल’ काढले, तेव्हा वेगळी वाट धरली. मजकूर खिळ्यांत जुळवला आणि सोबत हाफटोन फोटो छापले. उर्दू वाचकाला हे नवीन होते. तरी बहुतेक उर्दू छपाई कातिबाच्या हातीच राहिली. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक हा संगणकीय टंक आला, तोही हजारो अक्षरजुळण्या हाताने रेखून घेतल्यावरच.

एवढा आग्रह कशासाठी? उर्दूत ‘ख़ुदा’ आणि ‘जुदा’ यांच्यात फरक फक्त नुक्त्याच्या जागेचा. तो वर असला तर ‘ख़े’, खाली असला तर ‘जीम’. मराठीतही अनुस्वार पडला की ‘चिंता’ची ‘चिता’ होते. म्हणूनच जाणकार मजकुराचा फोटो करत नाहीत, तो रेषारूपातच ठेवतात. आणि चित्र करावेच लागले तर किमान १२०० डीपीआय मागतात.

आज घराघरांतली, मदरशांतली, छोट्या ग्रंथालयांतली शिळाछापाची पुस्तके स्कॅन होत आहेत. काम चांगलेच आहे, पण फाइल हलकी व्हावी म्हणून बऱ्याचदा १५० डीपीआयवर, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात उरकले जाते. अर्ध्या मिलिमीटरचा नुक्ता तिथे जेमतेम तीन पिक्सेलचा उरतो. कागदावरचा डाग आणि नुक्ता यांत मग फरक कळत नाही. तोच नुक्ता ६०० डीपीआयवर बारा पिक्सेलचा होतो आणि स्पष्ट वाचता येतो.

मोठ्या फाइलवरून छोटी केव्हाही करता येते, उलटे होत नाही. पिवळी पडलेली पाने पुन्हा पुन्हा उलगडण्याइतकी मजबूत राहिलेली नाहीत. तेव्हा माझी विनंती एवढीच: मूळ स्कॅन ६०० डीपीआयवर आणि रंगीत घ्या, तो जपून ठेवा, आणि लोकांना पाठवायची हलकी प्रत त्यातून वेगळी काढा.