वकील तारखेला येत नाही? पक्षकारांनी हे करा

शिंदखेडा : "पुढची तारीख पडली" एवढंच ऐकून पक्षकार गावी परततो, तिकडे गैरहजेरीमुळे दावा फेटाळलेला असतो! म्हणून केसचा सीएनआर नंबर वकिलाकडून घ्याच. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकला की तारीख, आदेश मोबाईलवर दिसतात.

दावा गैरहजेरीत फेटाळला गेला असेल, तर तो पुन्हा सुरू करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करा.

वकील बदलता येतो. फी बाकी असली तरी जुन्या वकिलाला फाईल अडवता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल आहे.

१४ मे २०२४ च्या निकालानुसार वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येत नाही. गैरवर्तनाची लेखी तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र ॲण्ड गोवा, मुंबई येथे करा. फीच्या पावत्या जपा.

महिला, अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो : तालुका विधी सेवा समिती किंवा १५१००.