रक्तस्राव आणि गुठळी : शल्यचिकित्सेतील एक दुहेरी भय



शल्यचिकित्सेचा इतिहास आपण बहुधा कुशल हातांचा इतिहास म्हणून वाचतो. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडूनही काही दिवसांनी रुग्ण अकस्मात का दगावतो, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

फुप्फुसात अडकलेली गुठळी पुष्कळदा शरीराच्या दूरच्या शिरेतून वाहत आलेली असते, हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी दाखविले. त्यांचे हे लेखन १८५६ साली संग्रहरूपाने प्रसिद्ध झाले. मंदावलेला रक्तप्रवाह, शिरेला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही कारणत्रयी पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

मूत्ररोगांच्या मोठ्या शस्त्रक्रियांत ही तिन्ही कारणे एकत्र येऊ शकतात. रुग्ण बहुधा वयस्क, कित्येकदा कर्करोगग्रस्त. शस्त्रक्रिया ओटीपोटातील शिरांच्या लगत. आणि नंतर अंथरुणाला खिळणे. स्थूलता किंवा पूर्वी झालेली गुठळी यांनी धोका आणखी वाढतो. हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा केलेले आयरिश शल्यविशारद पीटर फ्रेयर यांनी १९०० साली लंडनमध्ये वाढलेली पुरःस्थ ग्रंथी मूत्राशयावाटे काढण्यास आरंभ केला, तेव्हा रक्तस्रावाचे भय मोठे होते. रक्त थांबावे म्हणून झटणारा हात ते गोठू नये म्हणून औषध देण्यास कसा धजावा?

हेपरिनचा शोध १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून सुरू झाला. त्याच्या अल्प मात्रेची निर्णायक कसोटी मात्र १९७५ साली प्रसिद्ध झाली. भारतीय वंशाचे विजय कक्कर यांच्या पुढाकाराने विविध मोठ्या शस्त्रक्रियांच्या ४,१२१ रुग्णांवर हा अभ्यास झाला. औषध न दिलेल्या गटात फुप्फुसातील गुठळीने १६ मृत्यू झाले. औषध दिलेल्या गटात २. जखमेत रक्त साकळण्याचे प्रमाण मात्र वाढले.

म्हणूनच सर्वांना एकच नियम लावता येत नाही. मूत्रमार्गातून दुर्बिणीने केलेल्या ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत गुठळीचा धोका कमी, तर कर्करोगासाठी संपूर्ण मूत्राशय काढताना पुष्कळ अधिक. अशा रुग्णांना घरी गेल्यावरही, एकूण सुमारे चार आठवडे, औषध देण्याची प्रथा आहे.

आपल्या घरांत आजाऱ्याला उठू न देणे हे मायेचे लक्षण मानतात. हा इतिहास सांगतो की, वैद्यांची अनुमती मिळताच त्याला हात धरून चार पावले चालविणे, हीदेखील शुश्रूषाच होय.